दोन सुवर्णमुद्रांची पैज आणि सप्तकाचे ३१ भाग

१/ रोम, जून १५५१. पोपच्या गायकवृंदातील दोन गायक, गिस्लेन डांकर्ट्स आणि बार्तोलोमे एस्कोबेदो, पंच म्हणून बसले होते. एका बाजूला इटालियन पाद्री व संगीतकार निकोला व्हिचेंतिनो, दुसऱ्या बाजूला पोर्तुगीज संगीतज्ञ व्हिसेंते लुसितानो. पैज दोन सुवर्ण स्कुदींची. प्रश्न असा : आपण रोज गातो ते संगीत नेमके कोणत्या जातीचे?

२/ प्राचीन ग्रीकांनी षड्ज-मध्यमाएवढ्या अंतरात चार सूर बसवण्याचे तीन प्रकार सांगितले होते. डायाटोनिकमध्ये दोन पूर्ण स्वरांतरे व एक अर्धस्वर. क्रोमॅटिकमध्ये कोमल गांधाराएवढी उडी व दोन अर्धस्वर. एनहार्मोनिकमध्ये शुद्ध गांधाराएवढी उडी आणि उरलेल्या अर्धस्वराचेही दोन तुकडे.

३/ लुसितानोच्या मते प्रचलित संगीत निव्वळ डायाटोनिक होते. व्हिचेंतिनोच्या मते त्यात तिन्ही जातींचे मिश्रण होते. पंचांनी निकाल लुसितानोच्या बाजूने दिला आणि व्हिचेंतिनोला पैजेची रक्कम भरावी लागली. परंतु वाद तेथे संपला नाही. हरलेल्या पक्षाने आपला युक्तिवाद ग्रंथात मांडला आणि वाद्यातही उतरवला.

४/ ग्रंथ १५५५ मध्ये रोम येथे छापला गेला. प्राचीन संगीत आधुनिक व्यवहारात आणणे, हा त्याचा विषय शीर्षकातच नोंदवलेला आहे. त्यात वर्णिलेले वाद्य म्हणजे आर्चीचेंबालो : दोन पट्टीफलक असलेले, एका सप्तकात ३६ पट्ट्यांचे हार्पसिकॉर्ड. व्हिचेंतिनोचा आश्रयदाता होता फेरारातील एस्ते घराण्याचा कार्डिनल इप्पोलितो.

५/ एवढ्या पट्ट्या कशासाठी? त्या काळी वाद्ये शुद्ध गांधार साधेल अशा रीतीने लावत. त्यामुळे ‘सी शार्प’ आणि ‘डी फ्लॅट’ हे दोन वेगळे सूर ठरत; नेहमीच्या वाद्यावर त्यांपैकी एकालाच जागा मिळे. या दोहोंतील अंतर पूर्ण स्वराच्या सुमारे एक पंचमांश असते.

६/ व्हिचेंतिनोने हा पंचमांशच एकक मानला. पूर्ण स्वर ५ एककांचा, मोठा अर्धस्वर ३ चा, लहान २ चा. सप्तकात पाच पूर्ण स्वर व दोन मोठे अर्धस्वर, म्हणजे २५ + ६ = ३१. उरलेल्या पाच पट्ट्या सूक्ष्म दुरुस्तीसाठी होत्या.

७/ खरी कसोटी गळ्याची होती. स्वरलिपीत सुराच्या डोक्यावर एक टिंब दिले की तो सूर एका एककाने चढवायचा. कागदावर हे सोपे आहे. गाताना मात्र एका गायकाचा सूर किंचित हलला तरी उरलेल्यांचा आधार जातो. म्हणून वाद्य येथे केवळ साथीला नव्हते. गायकांच्या कानाला वळण लावणारे ते गुरू होते.

८/ मात्र तार छेडताच तिचा नाद विरू लागतो आणि लांबलेल्या सुराला आधार उरत नाही. ही अडचण ऑर्गनमध्ये नसते. १५६१ मध्ये व्हेनिस येथे व्हिचेंतिनोच्या आर्चीऑर्गानो या वाद्याची माहिती देणारे पत्रक छापले गेले.

९/ पुढे काय झाले? फेरारा दरबारात लुझास्की हे वाद्य कौशल्याने वाजवी. पण इतक्या तारा लावणे जिकिरीचे असल्याने ते क्वचितच वाजे. १६०६ मध्ये व्हेनिसच्या व्हितो त्रासुंतिनोने सप्तकात ३१ पट्ट्यांचे, एकूण १२५ पट्ट्यांचे वाद्य घडवले. ते आज बोलोन्याच्या संगीत संग्रहालयात आहे.

१०/ क्रोमॅटिक शैली मात्र तगली. १५९४ मध्ये विवाहानिमित्त फेरारात आलेल्या जेझुआल्दोचे अखेरचे दोन माद्रिगाल-संग्रह १६११ मध्ये छापले गेले. त्यांतील धक्कादायक स्वरसंगती आजही गायल्या जातात. पैज जिंकलेल्या लुसितानोच्या नावावरही ‘हेऊ मे डोमिने’ ही विलक्षण क्रोमॅटिक रचना आहे!

११/ आर्चीचेंबालोचे मूळ वाद्य उरलेले नाही. मात्र ग्रंथातील वर्णनावरून आणि बोलोन्याच्या वाद्यावरून आधुनिक काळात अशी वाद्ये पुन्हा घडवली गेली. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे आर्चीऑर्गानोचीही पुनर्निर्मिती झाली. त्यांच्या आधारे प्रशिक्षित गायक एनहार्मोनिक उतारे गातात. प्रथम ऐकणाऱ्याला तेथे सूर सुटल्यासारखे वाटते. सवयीने तीच हालचाल हेतुपूर्वक केलेली असल्याचे कळू लागते.

१२/ व्हिचेंतिनोचा दावा केवळ ग्रीकांपुरता नव्हता. निरनिराळ्या देशांचे लोक बोलताना व गाताना ज्या अंतरांनी आवाज चढवतात-उतरवतात, ती नेहमीच्या पट्ट्यांत मावत नाहीत, असे त्याचे निरीक्षण होते. १५५१ चा निकाल संगीताच्या जातीविषयी होता. हे सूर गाता येतात की नाही, याचा निवाडा पंचांच्या हाती नव्हताच. तो आज गायकांच्या तालमीत होतो आहे.