दुनियादारी आणि आई

परवा आमच्या कॉलेजच्या मंडळींचं गेट-टुगेदर झालं. घाटकोपरला, आमच्यातल्याच एकाच्या बिल्डिंगच्या गच्चीवर. मुलुंडचं केळकर कॉलेज १९८४ साली सुरू झालं आणि आम्ही त्याच्या अगदी सुरुवातीच्या बॅचेसमधले, त्यामुळे आता सगळेच पंचावन्नच्या पुढे. गुडघे, शुगर, मुलांची लग्नं हे विषय झाले. बटाटेवडे संपले. मग कोणीतरी 'दुनियादारी'चा विषय काढला आणि पुढचे दोन तास गच्चीवर नुसता गोंधळ!

झालं असं की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच मुळी 'कट्टा' आहे. ते ज्याने ठेवलं त्याने भावुक होऊन सांगितलं की सुहास शिरवळकरांच्या त्या पुस्तकाने आपल्याला मैत्री शिकवली. त्यावर आमची एक मैत्रीण (बँकेतून रिटायर झालेली, त्यामुळे हिशोबाला पक्की) म्हणाली, "मी परत वाचली मागच्या महिन्यात. मला नाही आवडली. तो श्रेयस कुठलाच निर्णय धड घेत नाही, आणि त्याचं दुःख मात्र सगळ्यांनी वाटून घ्यायचं." दुसरी म्हणाली मिनूवर लेखकाने अन्याय केलाय. मुलगे (हो, आम्ही अजून मुलगेच म्हणतो!) एकदम खवळले. एक जण एम. के. श्रोत्रीबद्दल बोलता बोलता चक्क रडला. मग सिनेमा आणि पुस्तक यांच्या शेवटात जो फरक आहे त्यावरून आणखी एक भांडण. थोडक्यात, चाळीस वर्षांपूर्वी कॅन्टीनमध्ये जे भांडण अर्धवट राहिलं होतं ते तसंच्या तसं पुढे सुरू झालं.

ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती. 'दुनियादारी' १९८२ ची. शिरवळकर (१९४८-२००३) तोवर रहस्यकथांसाठी प्रसिद्ध होते. दारा बुलंद, मंदार पटवर्धन, फिरोझ इराणी ही त्यांची माणसं सर्क्युलेटिंग लायब्रऱ्यांमधून घरोघर पोचलेली होती. अशा माणसाने पुण्याच्या एस. पी. कॉलेजच्या पार्श्वभूमीवर मैत्री, प्रेम, मारामाऱ्या आणि घरातल्या दुखण्यांची कादंबरी लिहिली. समीक्षकांनी तिची फारशी दखल घेतली नाही, पण मुलांनी ती फाटेपर्यंत वाचली. संजय जाधवांचा सिनेमा जुलै २०१३ मध्ये आला. लेखकाला जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. सिनेमा तुफान चालला आणि पुस्तकाला नवीन वाचक मिळाले. त्यानंतर दीड वर्षाने 'क्लासमेट्स' आला. तो तर कॉलेजचे मित्र अनेक वर्षांनी परत भेटतात यावरच उभा आहे. म्हणजे 'परत भेटणं' ही आपली एक मोठी भूक आहे हे नक्की.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आई आता चौऱ्याऐंशीची आहे. ऐकू कमी येतं, पण पुस्तकांचं बोलणं तिला बरोब्बर ऐकू येतं :) ती म्हणाली, "आमच्या वेळी फडक्यांवरून अगदी असंच व्हायचं. आणि ती भांडणं घरात व्हायची, त्यामुळे जास्त महाग पडायची."

मग मी रात्री बसून जरा जुनं काही वाचलं. तर सांगायचा मुद्दा असा, की कॉलेजमधल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांवर वाचकांनी भांडायची परंपरा आपल्याकडे शंभर वर्षांची तरी आहे. ना. सी. फडके (१८९४-१९७८) स्वतः प्राध्यापक, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवायचे. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९), 'अटकेपार' (१९३१) या कादंबऱ्यांनी शिकलेल्या तरुण-तरुणींची प्रेमकथा मराठी घरात आणून ठेवली. त्याआधी मराठी कादंबरीतलं प्रेम बहुतेक वेळा लग्नानंतरचं, नाहीतर इतिहासातलं, नाहीतर समाजसुधारणेच्या धड्यातलं. फडक्यांचे नायक-नायिका टेनिस खेळायचे, हिंडायचे, बोलायचे. पुढे 'कलेसाठी कला की जीवनासाठी कला' हा फडके-खांडेकर वाद गाजला. तो अभ्यासक्रमात आपण सगळ्यांनी घोकलाय. पण घरातल्या वाचकांचा वाद वेगळा होता. त्यांचा प्रश्न साधा होता, हे वाचून आपल्या मुली काय करतील?

१९३३ मध्ये तर त्याहून मोठं वादळ झालं. 'विभावरी शिरूरकर' या नावाने 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुलींना काय वाटतं ते त्यात सरळ लिहिलं होतं. ह. वि. मोटे प्रकाशक होते. पुस्तक चांगलं की वाईट हे बाजूलाच राहिलं, वाचकांनी 'ही बाई कोण' याचाच शोध सुरू केला. त्या होत्या बाळूताई खरे, शिक्षिका. पुढे १९३८ मध्ये विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन मालतीबाई बेडेकर झाल्या. पुरुषाने प्रेमकथा लिहिली की वाचक नायकाबद्दल बोलतात आणि बाईने लिहिली की लेखिकेबद्दल, हे तेव्हापासूनचं.

आणि १९६० च्या दशकात तर वाचकांचं मत थेट कोर्टात गेलं. १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली. एका वाचकाला ती अश्लील वाटली, खटला झाला, कथा चांगली की वाईट यावर जाणकारांच्या साक्षी झाल्या. मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ते फिरवलं. न्यायाधीशांनी स्वतः कथा वाचून मत दिलं, की समाजाच्या कल्पना बदलत असतात आणि स्त्री-पुरुष संबंधांचा उल्लेख आला एवढ्यावरून काही लिखाण अश्लील ठरत नाही. तसं धरलं तर धार्मिक पुस्तकांखेरीज काही विकताच येणार नाही. मला हे वाचून फार गंमत वाटली. दिवाळी अंकातली एक प्रेमकथा, आणि तिचे शेवटचे वाचक दिल्लीला न्यायासनावर बसलेले!

आता आईची गोष्ट. (मामा हे वाचत असेल तर त्याने रागावू नये. आजोबा वाईट नव्हते, हे आई आजही म्हणते.)

आई पार्ल्याची. पार्ले कॉलेज १९५९ मध्ये सुरू झालं, तेच पुढे साठ्ये कॉलेज झालं. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर कॉलेज निघालं म्हणूनच आजोबांनी तिला पाठवलं. लोकलने चर्चगेटपर्यंत जायची वेळ आली असती तर मॅट्रिकलाच संपलं असतं. उपनगरात कॉलेजं निघाली त्याने किती मुलींची आयुष्यं बदलली याचा हिशोब कोणीतरी करायला हवा. तिथे तिला कुमुद भेटली. दोघी लोकमान्य सेवा संघाच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणायच्या. संघ १९२३ चा, म्हणजे आजोबांच्या लहानपणापासूनचा, त्यामुळे तिथे जायला परवानगी लागत नसे. एक पुस्तक आई आणायची, एक कुमुद, आणि मधल्या दिवशी अदलाबदल.

एकदा आजोबांना आईच्या उशाशी फडके सापडले. त्यांनी आरडाओरडा केला नाही. पुस्तक कागदात गुंडाळलं, स्वतः संघात जाऊन परत केलं आणि येऊन एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू कॉलेजचं." पुढचं वर्ष आलंच नाही. १९६१ मध्ये इंटरची परीक्षा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आईचं लग्न झालं. ती मुलुंडला आली. पार्ले ते मुलुंड म्हणजे आज रिक्षाने जाता येतं, पण तेव्हा वेस्टर्नवरून सेंट्रलवर जाणं म्हणजे दादरला उतरून गाडी बदलणं, आणि नव्या सुनेसाठी ते परदेशच होतं.

मी विचारलं, "ती कादंबरी तुला आवडली होती का?"

"अर्धीच झाली होती," आई म्हणाली. "शेवट कुमुदने पत्रात कळवला."

मला काय बोलावं सुचेना. पुढे मुलुंडला घराजवळ सर्क्युलेटिंग लायब्ररी निघाली तेव्हा आईने ती कादंबरी आणून पूर्ण केली का? नाही. तिने बाकी सगळं वाचलं. योगिनी जोगळेकर, शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, बाबा कदम. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी, खाकी कव्हरवर निळ्या शाईत नंबर. दुपारी भांडी झाली की बायका पुस्तक बदलायला यायच्या आणि काउंटरवरच मतं द्यायच्या, "शेवट रडका आहे, नेऊ नका" किंवा "न्या न्या, नवरा सुधारतो." मीही फ्रॉकमध्ये आईबरोबर जायचे. पानांच्या कडेला पेन्सिलने मतं लिहिलेली असायची. एका ठिकाणी नायक नायिकेला 'मी तुझी वाट पाहीन' अशा अर्थाचं काही म्हणतो, त्यापुढे कोणीतरी लिहिलं होतं, 'पाहतोय मोठा!' ते अक्षर कोणाचं होतं देव जाणे, पण मराठी समीक्षेतलं माझं सगळ्यात आवडतं वाक्य तेच आहे.

मी आईला पुन्हा आमच्या गच्चीवरच्या भांडणाकडे आणलं. तिने 'दुनियादारी' माझ्याच कॉलेजच्या दिवसांत वाचली होती, माझ्या दप्तरातून काढून. (आजोबांसारखी परत नाही केली, वाचून दप्तरात ठेवली!) तिचं मत तिने आता, इतक्या वर्षांनी सांगितलं. "पुस्तक वाईट नाही गं. पण कट्ट्यावर मुलगे असतात. ते परत भेटतात, कारण कट्टा तिथेच असतो आणि त्यांची नावंही तीच असतात. मुलींचं काय? त्यांचे पत्ते बदलतात, आडनावं बदलतात, आमच्या वेळी तर पहिलं नावसुद्धा बदलायचे. त्यांना शोधायचं कसं?"

हे ऐकल्यावर मी आमच्या ग्रुपची यादी काढून बघितली. एक्केचाळीस जण. मुली अकरा. वर्गात आम्ही जवळपास निम्म्या होतो. पूर्वी ऑर्कुट होतं तेव्हा आमचे मुलगे एकमेकांना आठवड्यात सापडले. आडनाव टाका, कॉलेज टाका, झालं. मुली सापडायला पुढची दहा वर्षं लागली. कोणाची धाकटी बहीण भेटली म्हणून, कोणी लग्नात दिसली म्हणून. काही अजून नाहीतच. आणि गच्चीवर आम्ही भांडत होतो ते श्रेयस चुकला का यावर. मिनूवर अन्याय झाला म्हणणाऱ्या माझ्या मैत्रिणीला बहुधा हेच म्हणायचं होतं, मला तेव्हा कळलं नाही.

आईला सगळ्यात आवडलेली कादंबरी प्रेमकथा म्हणून कोणी सांगत नाही. वामन मल्हार जोश्यांची 'इंदू काळे व सरला भोळे' (१९३४). सगळी कादंबरी पत्रांतून. दोन मैत्रिणी, आणि त्यांच्या भोवतीची माणसं. कला, नीती, लग्न यांवर पानंच्या पानं चर्चा. मी कॉलेजात असताना ती मला भयंकर कंटाळवाणी वाटली होती, अर्ध्यात सोडली. आईला ती का आवडली ते आता कळतं. त्यात मैत्रिणी लग्नानंतरही एकमेकींना लिहीत राहतात.

कुमुदची पत्रं १९६४ पर्यंत आली. मग तिच्या मिस्टरांची बदली झाली, आम्हीही खोली बदलली, आणि मधे कुठेतरी एक पत्र चुकलं. बस. भांडण नाही, गैरसमज नाही, कादंबरीत असतं तसं काही नाही. आईला तिचं सासरचं आडनाव आठवतं, पण ते इतकं सर्वसाधारण आहे की त्यावरून काही शोधता येत नाही. लग्नात नाव बदललं होतं का, तेही आईला आता आठवत नाही. पत्रांवर खाली ती 'कुमुद'च लिहायची.

मी फेसबुकवर शोधलं. पार्ल्याच्या ओळखीतल्या दोन-तीन वयस्कर बायकांना फोन करून विचारलं. अजून काही नाही. आई म्हणते, "राहू दे गं. असेल तर माझ्याएवढी असेल. तिलाही कमी ऐकू येत असेल."

पण काल संघाच्या ग्रंथालयाचा विषय निघाला तेव्हा तीच म्हणाली, "ती फडक्यांची कादंबरी मिळाली तर बघ. कुमुदने सांगितलेला शेवट खरा होता का ते बघायचंय. ती थापा मारायची."

तर मंडळी, पुस्तक मी आणलंय. आईचे डोळे लवकर थकतात, म्हणून रोज रात्री वीस पानं मी मोठ्याने वाचते. भाषा जुनी आहे, मधेमधे दोघींनाही हसू येतं, नायक जरा अतिच देखणा आहे. अर्ध्याच्या पुढे गेलोय, म्हणजे आजोबांनी गुंडाळून नेलं त्याच्या पुढे. शेवट काय आहे ते मी पुढे डोकावून बघितलेलं नाही.

आणि एक विनंती. तुमच्या घरात कोणी आजी असेल, जी १९५९ ते ६१ मध्ये पार्ले कॉलेजात होती, जिचं माहेरचं नाव कुमुद होतं आणि जी पुस्तकांचे शेवट स्वतःच्या मनाने बदलून सांगते, तर मला कळवा. आईकडे तिचं एक पुस्तक बदलायचं राहिलंय.