वानवडीची छत्री आणि हडपसरचें मैदान

पुण्यास कोणी पाहुणा आला आणि त्याला ऐतिहासिक स्थळें पाहावयाचीं असलीं, तर पुणेकर त्याला शनिवारवाड्यावर नेतात, पर्वती चढावयास लावतात, श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांतील, १९२८ सालीं बसविलेला, शिल्पकार करमरकर यांनीं घडविलेला शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा दाखवितात, आणि वेळ उरलाच तर सिंहगडची वाट धरतात. सोलापूर-रस्त्यास मात्र त्याला सहसा कोणी नेत नाहीं. लष्कर ओलांडून, घोड्यांच्या शर्यतीचें मैदान मागें टाकून, भैरोबाच्या नाल्यापुढें गेलें कीं उजव्या अंगास वानवडी आणि समोर हडपसर. मराठ्यांचें राज्य कां गेलें या प्रश्नावर पुष्कळ ग्रंथ झाले आहेत व पुढेंही होतील. परंतु या चार-पांच मैलांच्या पट्ट्यांत त्या प्रश्नाचें जें उत्तर जमिनीवर लिहिलेलें आहे, तें वाचावयास फारसें कोणी जात नाहीं.

आरंभ वानवडीपासून करावा हें बरें. येथें महादजी शिंदे यांची छत्री आहे. पानिपतच्या रणांतून १७६१ सालीं पाय कायमचा अधू होऊन परतलेला, राणेखान नांवाच्या भिस्त्यानें बैलावर घालून वांचविलेला हा पुरुष पुढें दिल्लीच्या बादशहाचा पालनकर्ता झाला. १७९२ सालीं तो पुण्यास आला, बादशहानें दिलेलीं वकील-इ-मुत्लक पदाचीं वस्त्रें त्यानें सवाई माधवरावांस मोठ्या समारंभानें अर्पण केलीं, आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजीं याच वानवडीच्या तळावर त्याचा अंत झाला. त्यानें येथें बांधविलेलें शिवालय आजही उभें आहे. खालचें काम काळ्या दगडाचें, वर पिवळसर दगडाचें शिखर व त्यावर साधुसंतांच्या मूर्ति. पुढील काळांत शिंदे घराण्यानें त्याला जोडून प्रशस्त दालन उभारलें. त्याच्या रंगीत कांचांच्या खिडक्या आणि सज्जे पाहिले म्हणजे अर्धें राजस्थानांत व अर्धें विलायतेंत आल्यासारखें वाटतें. जाणकार कदाचित् नाक मुरडतील. पण दुपारच्या उन्हांत त्या कांचांचे रंग फरशीवर सांडतात तेव्हां हें नाक मुरडणें फार वेळ टिकत नाहीं. भिंतींवर घराण्यांतील पुरुषांचीं चित्रें आहेत. या आवारांत पावसाळ्यांतही छत्री उघडूं नये असा संकेत आहे. महादजींच्या छत्रीखालीं दुसरी छत्री उघडणें हा त्यांचा उपमर्द समजतात.

महादजी गेले तेव्हां मराठ्यांची सत्ता दिल्लीपर्यंत होती. अवघ्या साडेआठ वर्षांनीं, छत्रीपासून हाकेच्या नव्हे तरी तोफेच्या अंतरावर, त्यांच्याच दत्तक वारसाची फौज होळकरांच्या फौजेपुढें धुळीस मिळाली. हें वैर एका दिवसाचें नव्हतें. महादजींच्या हयातींतच, १७९३ सालीं लाखेरीस शिंद्यांच्या कवायती पलटणींनीं तुकोजी होळकरांच्या सैन्याचा मोड केला होता. पुढें तुकोजी वारले, आणि त्यांच्या मुलांतील तंट्यांत दौलतराव शिंद्यांनीं हात घातला. सप्टेंबर १७९७ मध्यें पुण्याजवळच मल्हारराव होळकरांच्या तळावर शिंद्यांच्या लोकांनीं अवचित छापा घातला व मल्हारराव मारले गेले. यशवंतराव व विठोजी निसटले. त्यांतील विठोजी १८०१ च्या एप्रिलांत पेशव्यांच्या हातीं लागले. दुसऱ्या बाजीरावांनीं शनिवारवाड्यापुढें त्यांना हत्तीच्या पायास बांधून ठार मारविलें. ज्या वाड्यापुढें पाहुणे आज छायाचित्रें काढतात तेथलीच ही गोष्ट आहे. त्याच वर्षीं शिंद्यांनीं इंदूर लुटलें, तर त्याआधीं यशवंतरावांनीं उज्जयिनीजवळ शिंद्यांच्या पलटणी कापून काढल्या होत्या. हिशेब दोन्ही बाजूंस चुकता होत होता, आणि जमा कोणाच्याच खात्यावर पडत नव्हती.

१८०२ च्या पावसाळ्याअखेर यशवंतराव दक्षिणेंत उतरले. बारामतीजवळ त्यांच्या फत्तेसिंग माने या सरदारानें पेशव्यांच्या फौजेस उधळून लावलें, आणि ऑक्टोबराच्या शेवटच्या आठवड्यांत होळकरांची छावणी लोणी व हडपसर यांच्या दरम्यान पडली. शिंद्यांच्या बाजूस सदाशिवराव भास्कर हे सेनानी होते. त्यांच्या हाताखालीं द बॉयन यानें घडविलेल्या पलटणींपैकीं कांहीं पलटणी कॅप्टन डॉज याच्या हुकुमतींत होत्या. होळकरांकडेही युरोपियन अंमलदार होते. २५ ऑक्टोबर १८०२ हा दिवस ऐन दिवाळींतला. सकाळीं साडेनवाच्या सुमारास तोफा सुरू झाल्या. प्रारंभीं होळकरांचे घोडेस्वार मागें रेटले गेले. तेव्हां यशवंतराव स्वतः घोड्यावर स्वार होऊन पुढें झाले, माघार घेणारे स्वार त्यांनीं वळविले आणि त्यांना घेऊन तोफांच्या रांगेवर चाल केली. त्यांना जखमा झाल्या, डॉज पडला, त्याच्या पलटणींनीं जागा न सोडतां प्राण दिले, आणि शिंद्यांच्या तोफा होळकरांच्या हातीं गेल्या. त्या शिपायांच्या शौर्यास उणें म्हणण्याची सोय नाहीं. महादजींनीं उभारलेलें तें सैन्य महादजींच्या दहनस्थानाजवळ कापलें गेलें, आणि कापणारे हात मराठ्यांचेच होते.

या सर्व वेळीं श्रीमंत बाजीराव काय करीत होते? विजय ठरलेलाच आहे अशा समजुतीनें ते रणांगण पाहावयास वाड्याबाहेर पडले होते. तोफांचा गडगडाट जवळून ऐकतांच त्यांनीं दक्षिणेची वाट धरली, आणि पराभवाची वार्ता येतांच सिंहगड गांठला. तेथून रायगड, महाड, सुवर्णदुर्ग असें करीत इंग्रजांच्या गलबतानें ते डिसेंबरांत वसईस पोंचले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजीं त्यांनीं तेथें इंग्रजांशीं तह केला. पुण्यांत इंग्रजांची कवायती फौज पोसावयाची आणि इतर राज्यांशीं बोलणें इंग्रजांच्या संमतीनें करावयाचें, असा त्या तहाचा आशय. चिमाजी आप्पांनीं १७३९ सालीं जी वसई पोर्तुगीजांपासून रक्त सांडून घेतली, तेथेंच त्यांच्या भावाच्या नातवानें राज्याचें स्वातंत्र्य कागदावर सही करून देऊन टाकलें. हडपसरची लढाई झाली नसती तर हा तह झाला नसता असें छातीठोकपणें कोणी म्हणूं नये. पण या लढाईवांचून तो १८०२ सालीं झाला नसता, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

यशवंतरावांचें काय? रण जिंकल्यावर त्यांनीं प्रथम शहराभोंवतीं पहारे बसवून लूट होऊं दिली नाहीं. बाजीरावांनीं परत यावें म्हणून खटपट केली. इंग्रज वकील कर्नल क्लोज याच्याशींही बोलणें लाविलें. तें निष्फळ झालें, तेव्हां अमृतरावांचे पुत्र विनायकराव यांस गादीवर आणण्याचा डाव मांडला, आणि पैशाच्या निकडीनें पुण्याच्या सावकारांकडून निर्दयपणें रकमा उकळल्या. मार्च १८०३ मध्यें ते उत्तरेस निघून गेले. एप्रिलांत वेलस्ली पुण्यास आला आणि मे महिन्यांत इंग्रजी संगिनींच्या पहाऱ्यांत बाजीराव पुन्हा गादीवर बसले. त्याच सप्टेंबरांत असईस शिंद्यांचा इंग्रजांनीं पराभव केला, तेव्हां होळकर स्वस्थ बसले. दुसऱ्या वर्षीं होळकर इंग्रजांशीं झुंजूं लागले, तेव्हां शिंद्यांचे हात तहानें बांधलेले होते.

आतां हडपसरास जाऊन रणभूमि शोधणाऱ्यास काय दिसतें? गाडीतळाची गर्दी, कारखाने, भाजीबाजार, आणि शेतकऱ्यांनीं आपल्या जमिनी एकत्र करून वसविलेली मगरपट्टा वसाहत. आषाढीच्या वारींत येथूनच दोन वाटा फुटतात. श्रीज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाटानें सासवडकडे वळते आणि श्रीतुकोबांची लोणी काळभोरकडे सरळ जाते. दरवर्षीं लक्षावधि वारकरी त्या भूमीवरून चालतात. आपण कोणत्या रणावरून चाललों आहोंत हें त्यांतील फार थोड्यांना ठाऊक असेल. होळकरांनीं येथें विजयस्तंभ उभारला नाहीं, आणि शिंद्यांना आपल्या मेलेल्या पलटणींसाठीं दगड रोवावासा वाटला नाहीं. त्यांत नवल कसलें? जिंकणारा काय कोरणार, कीं आम्हीं आमच्याच पेशव्यास पळवून लाविलें? हरणारा काय कोरणार, कीं आमच्याच भाऊबंदांनीं आम्हांस कापलें? परक्याशीं झालेल्या झुंजीचा पराभवही मिरवितां येतो. घरच्या भांडणाचा जयदेखील मिरवितां येत नाहीं.

याच्या उलट दृश्य पाहावयाचें तर हडपसराहून मुंढवा-खराडीच्या बाजूनें नगर-रस्त्यास लागावें आणि भीमेच्या तीरापर्यंत जावें. येथें नदीपलीकडे कोरेगांव आणि अलीकडे, पेरणे गांवच्या हद्दींत, दगडी स्तंभ आहे. १ जानेवारी १८१८ रोजीं कॅप्टन स्टाँटन याच्या हाताखालील कंपनीच्या सुमारें आठशें लोकांनीं पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेशीं दिवसभर झुंज दिली. रात्र पडल्यावर पेशव्यांच्या फौजेनें गांव सोडलें. बाजीराव या खेपेसही नदीपलीकडे दूर राहून लढाई पाहत होते. हडपसरास पंधरा वर्षें उलटलीं होतीं, पण श्रीमंतांची रणापासूनची जागा बदलली नव्हती. १८२१ सालीं कंपनी सरकारनें या स्तंभाचा पाया घातला. त्यावर इंग्रजी व मराठी लेख आहेत आणि पडलेल्या शिपायांचीं नांवें आहेत. त्यांत ‘नाक’ हा प्रत्यय असलेलीं महार शिपायांचीं बावीस नांवें मोजतात. स्तंभ उभारणाऱ्यांचा हेतु आपल्या राज्याचा डंका वाजविण्याचा होता, यांत संशय नाहीं. परंतु १ जानेवारी १९२७ रोजीं डॉक्टर आंबेडकर येथें आले, आणि तेव्हांपासून या दगडाचा अर्थ उभारणाऱ्यांच्या हातीं राहिला नाहीं. ज्यांना गांवांत पाणवठ्यावर जागा नव्हती, त्यांच्या पूर्वजांचीं नांवें येथें दगडावर होतीं. तीं वाचावयास लोक येऊं लागले व आजही मोठ्या संख्येनें येतात. पेशवाईच्या अभिमान्यास ही गोष्ट बोंचते. बोंचली तरी ती त्यानें स्तंभापुढें उभें राहून वाचावी, आणि तीं नांवें धारण करणाऱ्यांना पेशवाईंत कोणता मान मिळत होता हेंही स्वतःस विचारावें.

हीं तीन स्थळें एका दिवसांत पाहून होतात. सकाळीं वानवडी, कारण छत्री त्या वेळीं शांत असते. दुपारीं हडपसर, जेथें पाहण्यापेक्षां आठवण्याचेंच काम अधिक. आणि उतरत्या उन्हांत भीमेचा कांठ. चौथें स्थळ मात्र फार दूर पडतें. यशवंतराव होळकर मूळचे पुणें जिल्ह्याचेच; खेड तालुक्यांतील वाफगांव हें त्यांचें जन्मस्थान मानतात व होळकरांचा किल्ला तेथें आहे. उत्तरेचा कारभार करणारे महादजी पुण्याच्या वेशीवर विसावले, आणि पुण्याच्या मातींतले यशवंतराव माळव्यांत. तेथील भानपुऱ्यास इंग्रजांशीं पुन्हा झुंजण्याच्या ईर्षेनें त्यांनीं तोफा ओतण्याचा उद्योग मांडला होता. त्या ध्यासांतच त्यांची बुद्धि भ्रमली, आणि हडपसरच्या विजयास नऊ वर्षें व तीन दिवस झाले असतां, २८ ऑक्टोबर १८११ रोजीं, त्यांचें देहावसान झालें. त्यांची छत्री भानपुऱ्यासच आहे.