पर्यावरण शिक्षण : वर्गाबाहेरच्या दोन प्रयोगांची कहाणी

पर्यावरण हा विषय शाळांतून सक्तीने शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. एम. सी. मेहता या विधिज्ञांनी केलेल्या याचिकेवरील तो निर्णय होता. अंमलबजावणी रेंगाळली, म्हणून १८ डिसेंबर २००३ रोजी न्यायालयाला पुन्हा बजवावे लागले व अभ्यासक्रम आखण्याचे काम एन.सी.ई.आर.टी. या राष्ट्रीय संस्थेकडे गेले. विषय आला, पुस्तक आले, गुण आले. आणि गुणांच्या पाठोपाठ जे येते तेही आले. आज आपल्या अनेक घरांत पर्यावरणाचा ‘प्रकल्प’ म्हणजे दुकानातून आणलेली चित्रे, वहीत नीट चिकटवलेली आणि पुष्कळदा आईच्या सुवाच्य अक्षराने सजलेली. शेजारचा ओढा कोठून येतो, हे मात्र त्या मुलाला कोणी विचारलेले नसते. दोष पालकांचा नव्हे. परीक्षेला जे चालते तेच घर करते.

वस्तुतः निसर्ग हातांनी शिकविण्याची परंपरा या आदेशाहून बरीच जुनी आहे आणि तिच्यात आपल्या परिचयाची नावेही आहेत. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत. वाणिज्याचे शिक्षण घेत असलेल्या तरुण सालिम अलींची खरी ओढ त्यांनी ओळखली व त्यांना प्राणिशास्त्राकडे वळविले. पुढे त्याच महाविद्यालयात मूळचे स्पेनचे फादर हर्मेनेगिल्ड सान्तापाव आले. खंडाळ्याचे डोंगर पालथे घालून त्यांनी तेथील वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही झेवियर्समध्ये आहे.

परंतु झाडाचे नाव सांगता येणे निराळे आणि ते झाड कशाच्या आधाराने जगते, त्याच्या आधाराने कोण जगते, हे शोधणे निराळे. परिस्थितिविज्ञान हे दुसऱ्या प्रकारचे ज्ञान. शिवाय ही परंपरा प्रामुख्याने महाविद्यालयांची होती. खेड्यातल्या शाळेच्या बाकापर्यंत ती पोहोचावी, यासाठी निराळी माणसे पुढे यावी लागली.

अशी माणसे १९७२ साली मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आजचे नर्मदापुरम) जिल्ह्यात पुढे आली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधन सोडून खेड्यात गेलेले डॉ. अनिल सद्गोपाल यांची ‘किशोर भारती’ आणि क्वेकर पंथीय ख्रिस्ती बांधवांचे रसुलिया येथील ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या दोन संस्थांनी १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठी विज्ञानाचा नवा कार्यक्रम सुरू केला. आपल्याकडे हे वर्ग हायस्कूलातच भरतात. तेथील पुस्तकाचे नाव ‘बाल वैज्ञानिक’. त्यात व्याख्या देण्याऐवजी प्रश्न विचारलेले असत. उत्तरे मुलांनी शोधावयाची. चार-चार मुलांचे गट शेतात व नाल्याकाठी परिभ्रमणाला जात, पाने गोळा करून त्यांचे गट पाडत, पिकांवरील किडी न्याहाळत. साधने स्वस्त असावीत, हा आग्रह होता. पुण्याच्या टेल्कोतून १९७८ साली रजा घेऊन गेलेल्या अरविंद गुप्ता या अभियंत्याने तेथेच सायकलच्या व्हॉल्व्हची नळी व आगकाड्या यांपासून शिकविण्याची साधने घडविली.

या कार्यक्रमाची दोन वैशिष्ट्ये आम्हाला फार मोलाची वाटतात. एक म्हणजे परीक्षा: मुलांनी पुस्तक व वही उघडून लिहावयाचे, आणि प्रयोगही करून दाखवावयाचा. पाठांतराला तेथे वावच उरला नाही. दुसरे म्हणजे ‘सवालीराम’. या काल्पनिक पात्राला मुले पत्रे लिहून मनातले प्रश्न विचारीत आणि त्या पत्रांना उत्तरे जात. मुलाच्या प्रश्नाला टपालाने उत्तर धाडणारी शिक्षणव्यवस्था आम्ही तरी दुसरी ऐकलेली नाही.

१९७८ मध्ये हा कार्यक्रम सबंध जिल्ह्यात लागू झाला. १९८२ साली स्थापन झालेल्या ‘एकलव्य’ संस्थेने पुढे तो सांभाळला व सुमारे हजार शाळांपर्यंत नेला. तीस वर्षांनी, २००२ साली, राज्य शासनाने तो बंद केला. ही मुले दहावीच्या परीक्षेत मागे पडतात, असा आक्षेप होता. खुल्या पुस्तकाने शिकलेल्या मुलाला पाठांतराच्या परीक्षेने मोजावयाचे आणि मग त्याचे शिक्षण उणे ठरवावयाचे, हा न्याय आम्हाला पटत नाही. पण आपले मूल नापास होईल, ही पालकांची धास्ती खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे.

योगायोग असा की, त्याच २००२ साली उत्तराखंडात नेमके उलटे घडले. ज्या डोंगराळ मुलखात १९७३ साली चिपको आंदोलन उभे राहिले, तेथे अल्मोड्याच्या ‘उत्तराखंड सेवा निधी’ या संस्थेने १९८७ पासून पर्यावरण शिक्षणाचे काम हाती घेतले होते. ललित पांडे यांच्या नेतृत्वाखाली तेथे सहावी ते आठवीसाठी अभ्यासक्रम बेतला गेला. त्याचा विषय एकच, आपले गाव. घरात रोज किती जळण लागते, याचे माप मुले काढीत. गुरे किती, त्यांना चारा किती लागतो, तो कोठून येतो, शेताला शेणखत किती मिळते, याची नोंद होई. मग गावाच्या कुरणाला व जंगलाला एवढा भार पेलवतो का, याचे गणित. डोंगरात गवताचा भारा नि लाकडाची मोळी बायकांच्याच डोक्यावर असते. त्यामुळे हे आकडे मांडताना मुलाला आपल्या आईचे श्रम वहीत उतरवावे लागत. राष्ट्रीय पुस्तकात हे येणे शक्यच नव्हते, कारण प्रत्येक गावाचे उत्तर वेगळे. २००२ मध्ये नवोदित राज्याने हा अभ्यासक्रम आपल्या शाळांत सक्तीचा केला.

एक प्रयोग मोडला व दुसरा टिकला, याचे कारण आमच्या मते असे: होशंगाबादने विज्ञानाच्या मुख्य विषयालाच हात घातला, म्हणून तो दहावीच्या गुणांच्या आड आला, अल्मोड्याने स्वतंत्र विषय घेतला आणि गावाच्या रोजच्या गरजेशी तो जोडला. सक्तीनंतर सर्वच शाळांत ते माप तितक्या निष्ठेने घेतले गेले असेल, असे मात्र कोणी समजू नये. त्याला शिक्षक लागतो, आणि शिक्षक आदेशाने तयार होत नाही.

वसईच्या पट्ट्यातील आपल्या धर्मग्रामांत अजून काही बावखले शिल्लक आहेत. आठवी-नववीच्या वर्गाला या पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरेल एवढे काम एका बावखलात आहे. दर महिन्याला पाणी किती उतरते. शेजारच्या विहिरीचे पाणी केव्हा मचूळ होते. काठावर कोणती झाडे, कोणते पक्षी. वाडीला त्यातले पाणी किती जाते. खुणा केलेला एक बांबू, दोरी व वही एवढ्यावर भागते. गावातली कोणती बावखले बुजविली गेली आणि केव्हा, हे तेवढे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे लागेल. ते सांगू शकणारी माणसे अजून आपल्यात आहेत.