कॉलर माइक आणि हवेची सरहद्द

मिका पेलेड यांच्या ‘बिटर सीड्स’ (२०११) या माहितीपटाविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले, ते बव्हंशी बीटी कापूस, कर्ज आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या यांच्या अनुषंगाने. यवतमाळ जिल्ह्यातील तेलंगटाकळी या गावात चित्रित झालेल्या कलाकृतीबाबत ते स्वाभाविकही आहे. हा माहितीपट एका त्रयीचा तिसरा भाग आहे. पहिल्या ‘स्टोअर वॉर्स’मध्ये (२००१) अमेरिकेतील एका छोट्या गावात येऊ घातलेले प्रचंड दुकान आहे, दुसऱ्या ‘चायना ब्लू’मध्ये (२००५) चीनमधील जीन्सच्या कारखान्यात राबणाऱ्या मुली आहेत आणि तिसऱ्यात कापूस पिकवणारा वऱ्हाडचा शेतकरी. कपड्याच्या विक्रीपासून त्याच्या बोंडापर्यंत, असा हा उलटा प्रवास तीन देशांत झाला.

हा प्रवास डोळ्यांनी पुष्कळांनी पाहिला. कानांनी तो कसा घडत असेल, याचा विचार समीक्षेत सहसा होत नाही. माणूस शेतात चालता-चालता बोलतो आणि त्याचा शब्द न् शब्द आपल्याला पुण्या-मुंबईच्या सभागृहात ऐकू येतो, यामागे बहुतेक वेळा कपड्याला टोचलेला बोटाच्या पेराएवढा माइक आणि कंबरेला खोचलेले काडेपेटीहून थोडे मोठे बिनतारी यंत्र असते. आपल्याकडे त्याला सरसकट ‘कॉलर माइक’ म्हणतात. जगात त्याचे रूढ नाव ‘लॅव्हेलियर’. वेगवेगळ्या देशांत चित्रण करणाऱ्याने हे यंत्र कोणते निवडावे, हा प्रश्न वरवर दुकानदाराला विचारण्याजोगा वाटतो. प्रत्यक्षात त्याच्या मुळाशी हवा कोणाच्या मालकीची आणि आवाज कोणाच्या ताब्यात, हा इतिहास आहे. भाषेच्या अभ्यासकांनी तिकडे दुर्लक्ष करू नये असे वाटते.

या इतिहासाची सुरुवात माणसाला यंत्रापाशी नेण्यापासून होते. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाला जोडून १९१३ ते १९२९ या काळात भारतीय भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्या तयार झाल्या. बोलणाऱ्याला कर्ण्यासमोर आणून, ठरलेला मजकूर ठरलेल्या वेळात म्हणायला लावून हे काम झाले. उधळ्या पुत्राची तीच ती बायबलमधली कथा प्रत्येक बोलीत ऐकू येते. बोली त्यात आहे, बोलणे मात्र फारसे नाही. यवतमाळ-वर्धा भागातील कोलामांची भाषा द्राविडी कुळातली. तिच्यावरचा मरे एमेनो यांचा ग्रंथ १९५५ साली आला, तो मुख्यतः कानाने ऐकून वहीत टिपलेल्या शब्दांवर उभा आहे. कर्ण्यासमोरचा माणूस सावध असतो; वहीत तो सापडतो, पण त्याचा आवाज सापडत नाही.

कॉलर माइकने ही दिशा बदलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारातील लुईझ द ला वालिएर हिच्या नावावरून गळ्यातल्या लोंबत्या पदकाला हे नाव पडले, असे सांगितले जाते. आरंभीचे माइकही तसेच दोरीने गळ्यात अडकवायचे असत. १९५३ साली अमेरिकेत असा माइक बाजारात आला आणि त्याच सुमारास बिनतारी माइकचेही प्रयोग सुरू झाले. पुढे बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी १९६२ साली इलेक्ट्रेट प्रकारचा माइक सिद्ध केला आणि पदकाची टाचणी झाली. वेस्ट हे कृष्णवर्णीय अमेरिकन शास्त्रज्ञ. ज्या काळात त्यांच्या समाजाला स्वतःचा आवाज उमटवण्यासाठी रस्त्यावर यावे लागत होते, त्याच काळातले हे संशोधन आहे, हे जाता जाता नोंदवायला हवे.

मराठीच्या विद्यार्थ्याला एक योगायोग विशेष रोचक वाटेल. ‘माय फेअर लेडी’ (१९६४) या चित्रपटात रेक्स हॅरिसन यांनी आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला. त्यांचे गाणे बोलण्याच्या अंगाने जाणारे, दरवेळी वेगळे. मग त्यांच्या टायमध्ये बिनतारी माइक दडवला गेला आणि गाणी चित्रण चालू असतानाच मुद्रित झाली. त्या वर्षीचे ध्वनीचे ऑस्कर या चित्रपटाला मिळाले. हॅरिसन यांची भूमिका उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाची, म्हणजे फुलवालीची बोली टिपून घेऊन तिला ‘शुद्ध’ करू पाहणाऱ्या माणसाची. शॉच्या याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी ‘ती फुलराणी’ (१९७५) लिहिले. माइक मिळाला तो प्राध्यापकाला. फुलराणीच्या पदराला तो लावण्याची गरज चित्रपटसृष्टीला तेव्हा भासली नव्हती.

आता हवेकडे वळू. बिनतारी माइक हे छोटेसे आकाशवाणी केंद्रच असते. ते ज्या लहरींवर बोलते, त्या लहरींवर प्रत्येक राष्ट्राचा ताबा असतो. भारतात १८८५चा तार कायदा आणि १९३३चा बिनतारी तार कायदा यांनी हा ताबा सांगितला. दुसऱ्या कायद्याने तर परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणेही गुन्हा ठरवले होते. रेडिओचे लायसन्स भरण्यासाठी टपाल कचेरीच्या रांगेत उभे राहिलेल्या पिढीला हे वेगळे सांगायला नको. या दोन्ही कायद्यांची जागा घेण्यासाठी २०२३चा दूरसंचार कायदा आला आणि २०२४पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला. तत्त्व मात्र तेच राहिले.

व्यावसायिक बिनतारी माइक दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातील रिकाम्या जागांत, साधारणतः ४७० मेगाहर्ट्झच्या पुढे, बसवले गेले. दुसऱ्याच्या शेतातल्या धुऱ्यावर पीक घ्यावे तसे हे आहे. मालकाने धुरा नांगरायला काढला की पीक गेले. मोबाइल फोन आल्यावर नेमके हेच झाले. अमेरिकेत १२ जून २०१० नंतर ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील माइक वापरणे बेकायदा ठरले. २०१७ साली ६०० मेगाहर्ट्झचा लिलाव आटोपला आणि जुलै २०२०पर्यंत त्या पट्ट्याचाही मोठा भाग माइकवाल्यांना सोडावा लागला. ब्रिटनमध्ये त्यांना ६९ क्रमांकाच्या वाहिनीवरून उठवून ३८ क्रमांकाच्या, म्हणजे ६०६ ते ६१४ मेगाहर्ट्झच्या वाहिनीवर नेण्यात आले. युरोपात बिनपरवाना चालणारा ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा अमेरिकेत परवानाधारक दूरसंचार सेवांकडे आहे. आणि भारताने २००५ साली कमी शक्तीच्या यंत्रांसाठी मोकळा केलेला पट्टा सुरू होतो बरोबर ८६५पासून. नकाशावरच्या सीमारेषा हवेतही अशा आखलेल्या आहेत, फक्त तिथे दगड पुरलेले नाहीत.

लंडनहून आणलेला ३८ क्रमांकाचा माइक आपल्याकडे सुरू केला तर तो पुणे जिल्ह्यातील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या हक्काच्या लहरींत शिरतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस ताटल्या जिथे कान लावून बसल्या आहेत, त्या ६१० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींतच आपण कोणाला तरी “नाव सांगा” म्हणत असतो. यवतमाळहून तिथवर आपला क्षीण आवाज पोचणार नाही, हे खरे. परंतु जुन्नरच्या परिसरात चित्रण करणाऱ्याने याचा विचार केलाच पाहिजे.

यावर निघालेली आधुनिक वाट म्हणजे २.४ गिगाहर्ट्झचे डिजिटल माइक. हा पट्टा जवळपास जगभर बिनपरवाना आहे. भारतातही तो २००५पासून मोकळा आहे. तीन देशांत फिरणाऱ्याला एकच संच पुरतो, विमानतळावर परवान्याची चिंता नाही, किंमतही आवाक्यातली. पण जे सगळ्यांचे असते तिथे गर्दी असते. वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टी यांचा वावर याच पट्ट्यात असल्याने मुंबई किंवा शांघायच्या रस्त्यावर हे संच अडखळू शकतात. केळापूर तालुक्यातल्या उघड्या शिवारात ही गर्दी नसते. तिथे अडचण निराळी. सहाशे मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर, २.४ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेबारा सेंटिमीटर. ही आखूड लहर पाण्यात चटकन जिरते आणि माणसाचे शरीर बरेचसे पाण्याचेच असते. बोलणारा पाठ फिरवून चालू लागला, की त्याचाच देह त्याचा आवाज अडवतो. पावसाने भिजलेली कमरेएवढी पऱ्हाटी मध्ये आली तरी तेच. म्हणून यंत्र पाठीमागे न खोचता कॅमेऱ्याच्या दिशेला ठेवावे. शक्य असेल तर पेन्सिल सेलवर चालणारा संच घ्यावा. असे सेल खेड्यातल्या किराणा दुकानातही मिळतात आणि भारनियमनाशी त्यांचे देणेघेणे नसते.

खरी गुंतागुंत मात्र कपड्यांपाशी आहे. हा माइक कोट आणि टाय घालणाऱ्या माणसासाठी घडला. बंडी-सदऱ्यावर तो कसाबसा बसतो. लुगड्यावर तो कुठे लावायचा? पदर सतत सरकतो, काळी पोत आणि बांगड्या वाजतात आणि ध्वनिमुद्रक बहुधा परका पुरुष असतो. नवरा गेलेल्या बाईच्या खांद्यापाशी हात नेऊन माइक लावणारा आणि तिची भाषा न समजणारा माणूस, हे दृश्य पडद्यावर कधीच दिसत नाही. पण त्यानंतरचे प्रत्येक वाक्य त्या दृश्यातून आलेले असते. घरातल्या मुलीला वा शेजारणीला माइक लावायला शिकवणे हा साधा उपाय आहे. ‘बिटर सीड्स’मध्ये गावातलीच एक महाविद्यालयीन तरुणी पत्रकार होण्याच्या जिद्दीने कॅमेरा हाती घेते आणि आपल्या माणसांना प्रश्न विचारते. त्या संवादांना येणारा मोकळेपणा महागड्या माइकने आणता येणार नाही, असे माझे मत आहे.

याहून नाजूक बाब अशी, की कॅमेरा बंद झाला तरी कॉलर माइक ऐकतच असतो. सावकाराचे नाव कॅमेऱ्यासमोर न घेणारा माणूस गोठ्याकडे जाताना ते भावाच्या कानात सांगतो आणि पन्नास पावलांवर हेडफोन लावून बसलेल्या परक्या माणसाला ते स्वच्छ ऐकू येते. त्याला वऱ्हाडी कळत नसली, तरी भाषांतरकाराला कळते. ग्रियर्सनच्या कर्ण्यासमोरच्या माणसाला निदान आपण कर्ण्यासमोर आहोत, हे ठाऊक होते.

यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात भरले. गदिमांच्या अध्यक्षतेखालील १९७३च्या संमेलनानंतर हा मान पुन्हा या गावाला मिळाला होता. नयनतारा सहगल यांना दिलेले उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतले गेले, त्याचे पडसाद अजून विसरलेले नाहीत. उद्घाटन झाले ते आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील वैशाली येडे यांच्या हस्ते. ‘तेरवं’ या नाटकात भूमिका केलेल्या वैशालीताई व्यासपीठावरून बोलल्या तेव्हा समोरचा माइक उभा होता. त्याच्यापाशी यायचे आणि त्याच्यापासून दूर व्हायचे, हे बोलणाऱ्याला दिसते, ठरवता येते. एका लेखिकेच्या पुढ्यातून तो काढून घेतला गेला, हेही सगळ्यांना दिसले. कॉलर माइकच्या बाबतीत यातले काहीच दिसत नाही.

बोलींचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणारे आमचे विद्यार्थी हल्ली कोणता बिनतारी संच घ्यावा, असे विचारतात. शंकर बडे यांच्यासारखा वऱ्हाडी कवी रंगमंचावरून ऐकलेली पिढी सरत चालली असताना हे काम व्हायलाच हवे. पण चालत्या माणसाचे चित्रण करायचे नसेल, तर बिनतारीची गरजच नसते. साध्या तारेचा कॉलर माइक आणि खिशात मावणारे ध्वनिमुद्रण यंत्र पुरते. त्याला लहरींचा परवाना लागत नाही, ते कोणत्याही देशात चालते, आवाज तुटत नाही. शिवाय ते बोलणाऱ्याच्याच खिशात असते. बंद करण्याचे बटण कुठे आहे, हे त्याला आधी दाखवून ठेवावे.