टोचलेले आणि न टोचलेले

अंबरनाथ लोकलच्या डब्यात दारापाशी चिकटवलेली पत्रकं वाचायला वेळच वेळ असतो. मूळव्याध, दारू, सांधेदुखी, सगळ्यावर हमखास गुण! गुण आलेले चारचौघांत सांगतात, न आलेले गुपचूप दुसरा वैदू गाठतात, आणि काहीच न घेता बरे झालेल्यांना कोण मोजतो? हा हिशेब तपासायचा तर औषध न घेतलेल्यांचाही गट शेजारी हवा. गट शेजारी ठेवून ताडण्याची कल्पना जुनी, जेम्स लिंडने १७४७ मध्ये बोटीवर १२ आजारी खलाशांच्या जोड्या लावून वेगवेगळे उपाय करून पाहिले होते. पण तिच्या कुळकथेतलं एक ठळक पान आपल्याच लाइनवर आहे, भायखळ्याला.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवीत प्लेग ओळखला. ऑक्टोबरात मुंबईत आलेले जीवाणुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. जे तयार झाले त्यांना टोचलं, बाकीचे तसेच राहिले. टोचलेल्या १४७ पैकी दोघांना प्लेग झाला, दगावलं कोणी नाही. न टोचलेल्या १७२ पैकी १२ आजारी पडले, सहा गेले.

आकडे बोलके, पण खोट आहेच. आपणहून दंड पुढे करणारा कैदी मुळातच धडधाकट, जिवाला जपणारा असला तर? मग श्रेय लसीचं की माणसाचं?

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी हाफकिननी ही खोट बरीचशी भरून काढली. घरटी अर्ध्या माणसांना टोचलं, अर्ध्यांना नाही. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. पुढे प्लेग शिरलेल्या २८ घरांत टोचलेल्या ७१ पैकी तीन दगावले, न टोचलेल्या ६४ पैकी २६. मला भायखळ्यापेक्षा उंढेऱ्याचा पुरावा भारी वाटतो. तरीही घरातलं कोण निवडायचं, हे टोचणाराच ठरवत होता.

तो हात १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत बांधला गेला. संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी यादृच्छिक आकड्यांवरून गट पाडले आणि चिठ्ठ्या बंद पाकिटांत घातल्या. क्षयरोगी चाचणीत दाखल करून घेईपर्यंत त्याच्या वाट्याला काय येणार, हे डॉक्टरलाही कळेना. रोग्यांना तर आपण चाचणीत आहोत हेच सांगितलं नव्हतं.