रूळ गेले, वाट राहिली



अ‍ॅशबर्न आणि आसपास राहणाऱ्या बहुतेकांनी डब्ल्यू अँड ओडी ट्रेलवर कधी ना कधी सायकल मारली असेल. आर्लिंग्टनमधल्या शर्लिंग्टनपासून पर्सेलव्हिलपर्यंत ४५ मैल, म्हणजे साधारण ७२ किलोमीटर. लाउडन काउंटी एवढी चढउताराची, मग हीच वाट इतकी सपाट कशी? उत्तर सोपं आहे. वाफेच्या इंजिनाला चढ झेपत नाही, म्हणून टेकड्या कापून आणि खड्ड्यांत भराव घालून ही वाट आखली गेली. ट्रेल नंतरचा, आधी ती रेल्वे होती.

कंपनीचं मूळ नाव अलेक्झांड्रिया, लाउडन अँड हॅम्पशायर. ब्लू रिज डोंगर ओलांडायचा आणि पलीकडचा कोळसा अलेक्झांड्रियाच्या बंदरात आणायचा, हा बेत. १८६० साली गाडी लीसबर्गला पोचली आणि पुढच्याच वर्षी यादवी युद्ध सुरू झालं. पूल पाडले गेले, रूळ उखडले गेले. लीसबर्गपर्यंतची वाहतूक पुन्हा सुरू व्हायला १८६७ उजाडलं. पुढे १९०० मध्ये लाइन ब्लूमाँटला, म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी गेली आणि तिथेच थांबली. कोळसा काही मिळाला नाही. मिळालं ते दूध, धान्य आणि उन्हाळ्यात हवा खायला जाणारे वॉशिंग्टनकर. आपल्या गावाचं स्टेशन तेव्हा फार्मवेल नावाचं होतं; अ‍ॅशबर्न हे नाव १८९६ चं.

१९१२ मध्ये वाफ जाऊन वीज आली, १९४० च्या दशकात वीज जाऊन डिझेल आलं. तंत्रज्ञान बदलत गेलं, पण मोटारी आणि ट्रक पुढे निघून गेले. १९५१ मध्ये प्रवासी गाड्या कायमच्या बंद झाल्या. डलेस विमानतळ बांधताना वाळू-सिमेंट वाहण्याचं काम याच लाइनला मिळालं. ज्यांनी रेल्वेचं गिऱ्हाईक पळवलं त्यांच्याच घरचं सामान वाहायचं, असा प्रकार! ऑगस्ट १९६८ मध्ये सगळंच बंद झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. रेल्वे बंद पडली की रूळ उचलून विकता येतात, डबे विकता येतात. इंजिनाचं नशीब मात्र गेजवर ठरतं. स्टँडर्ड गेजचं चालू इंजिन दुसरी कंपनी घेऊ शकते. नॅरोगेजचं इंजिन दुसरी नॅरोगेज शिल्लक असेल तरच चालतं, नाहीतर भंगार किंवा स्टेशनाबाहेरचा चौथरा. पण सगळ्यात मौल्यवान गोष्ट म्हणजे जमिनीचा सलग पट्टा. तो एकदा तुकड्यातुकड्याने विकला की पुन्हा जोडता येत नाही, कारण मधे कोणाचं तरी घर उभं राहतं.

डब्ल्यू अँड ओडीचा पट्टा वाचला तो इतिहासप्रेमामुळे नव्हे. हायवेसाठी गेलेला भाग सोडला तर तो वीज कंपनीने घेतला, हाय-व्होल्टेज तारांसाठी. तारांनाही सलग जमीन लागते. नंतर उत्तर व्हर्जिनियाच्या प्रादेशिक पार्क प्राधिकरणाने तो टप्प्याटप्प्याने विकत घेतला आणि १९८८ मध्ये ट्रेल पर्सेलव्हिलपर्यंत पूर्ण झाला. त्याच तारांखालून आपण सायकल चालवतो. १९८३ मध्ये तर अमेरिकेने कायदाच केला: बंद पडलेल्या लाइनचा पट्टा ट्रेल म्हणून वापरा, पण पुढेमागे रेल्वे परत आणायची शक्यता राखून ठेवा.

आता जरा आपल्याकडे वळू. एव्हरार्ड काल्थ्रॉप या इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली. अडीच फुटी गेज, आणि कुठल्याही आसावर पाच टनांच्या वर भार नाही, हा नियम. त्यामुळे हलके रूळ चालले आणि खर्च आटोक्यात राहिला. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिने वाहिल्या असतील! याच काल्थ्रॉपने नंतर इंग्लंडमध्ये मॅनिफोल्ड खोऱ्यात तशीच रेल्वे बांधली. ती १९३४ मध्ये बंद पडली, इंजिनं भंगारात गेली आणि १९३७ पासून तिथे पायवाट आहे. बार्शी लाइनचं मात्र ब्रॉडगेज झालं. इंजिनं निरुपयोगी झाली, पण गावांची रेल्वे टिकली.

विदर्भातल्या शकुंतलेचं दोन्हीही झालं नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर-अचलपूर ७६ किलोमीटर, कापसासाठी बांधलेली. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. म्हणजे सत्तर वर्षं! आपल्यातल्या किती जणांच्या लॅपटॉपने सात वर्षं काढली आहेत? नंतर डिझेल आलं, आणि आता गाड्याच बंद आहेत. ब्रॉडगेजची घोषणा २०१६ मध्ये झाली. यवतमाळ-अचलपूरचे लोक अजून वाट बघताहेत.

पट्टा राखला की रेल्वे परत येतेच असंही नाही. अ‍ॅशबर्नला १५ नोव्हेंबर २०२२ रोजी मेट्रो आली, पण जुन्या वाटेने नाही, हायवेच्या मधून. आणि आज ट्रेलवर रूळ टाकतो म्हटलं तर पहिला विरोध आपणच सायकलवाले करू. पण निवड करायची तरी सोय राहिली, हे त्या पट्ट्यामुळेच. शकुंतलेच्या बाबतीत काळजी वाटते ती याचीच. तिथल्या लोकांना ट्रेल नको आहे, स्वस्तात दवाखान्याला आणि बाजाराला नेणारी गाडी हवी आहे. इंजिन चौथऱ्यावर ठेवून ती गरज भागत नाही.

असो. मूर्तिजापूर, दारव्हा, अचलपूर, बार्शी या बाजूची मंडळी इथे असतीलच. घरी फोन कराल तेव्हा विचारा: रुळांच्या जागेवर आज काय आहे? गवत, की घरं? उत्तर 'गवत' असेल तर अजून वेळ गेलेली नाही.