जलकीटकांच्या अळ्यांचे सूक्ष्मछायाचित्रण

जलकीटकांच्या अळ्यांचे सूक्ष्मछायाचित्रण म्हणजे पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या लहान, पारदर्शक अळ्यांच्या शरीरातील इंद्रियांची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेण्याचे तंत्र होय. डास, कायरोनोमस आणि काओबोरस या द्विपंखी कीटकांच्या अळ्या त्यासाठी विशेष सोयीच्या असतात. त्यांचे कवच पातळ व बरेचसे रंगहीन असल्यामुळे हृदयाचे आकुंचन, अन्ननलिकेतील अन्नाची हालचाल आणि श्वासनलिकांचे जाळे विच्छेदन न करता पाहता येते. ही पारदर्शकता मात्र जिवंतपणीच टिकते. अळी मेल्यावर किंवा मद्यार्कात ठेवल्यावर ऊतींमधील प्रथिने साकळतात व शरीर दुधाळ दिसू लागते. त्यामुळे अळीला इजा न करता तिला काही क्षण स्थिर ठेवणे, हा या तंत्राचा गाभा आहे.

इतिहास

रॉबर्ट हुक याच्या 'मायक्रोग्राफिया' (१६६५) या ग्रंथात डासाच्या अळीचे चित्र व वर्णन आढळते. त्या काळी सूक्ष्मदर्शकातून दिसणारे दृश्य हाताने रेखाटावे लागे. छायाचित्रणाच्या शोधानंतर आल्फ्रेड दोने आणि लेआँ फूको यांनी १८४५ मध्ये सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या डागेरोटाइप छायाचित्रांवर आधारित चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. रंगहीन ऊतींमध्ये उठाव आणण्याचा प्रश्न विसाव्या शतकात बऱ्याच अंशी सुटला. फ्रिट्स झेर्निके यांना कलाभेद सूक्ष्मदर्शकासाठी १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच दशकात जॉर्ज नोमार्स्की यांनी भेददर्शी व्यतिकरण पद्धत विकसित केली.

काओबोरसची अळी

काओबोरसची अळी तळ्यांत व डबक्यांत आढळते. ती इतकी पारदर्शक असते की तिला 'काचअळी' असेही म्हणता येईल. ती चार अवस्थांतून वाढते आणि शेवटच्या अवस्थेत सुमारे १ सेंटिमीटर लांब होते. बाकदार शृंगिकांनी ती जलपिसवांसारखे लहान प्राणी पकडते. छायाचित्रात सर्वप्रथम नजरेत भरतात त्या तिच्या हवेच्या पिशव्यांच्या दोन जोड्या. एक जोडी वक्षात आणि दुसरी उदराच्या मागील भागात असते. या पिशव्यांच्या साहाय्याने अळी पाण्यात हव्या त्या खोलीवर आडवी तरंगते.

डॅनिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ आउगुस्ट क्रोग यांनी या पिशव्यांचा अभ्यास करून १९११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पिशव्यांचे आकारमान बदलून अळी आपली तरंगण्याची क्षमता बदलते, हे त्यांनी दाखवले. परंतु हा बदल नेमका कसा घडतो, हे उलगडले नव्हते. पुढे अतिनील प्रकाशात पिशव्यांच्या भिंतींवरील पट्टे निळे चमकताना दिसले. ही चमक रेझिलिन या लवचीक प्रथिनाची खूण होती. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवून दिले की, पिशवीच्या भिंतीतील आम्लता बदलली की हे पट्टे फुगतात किंवा आकसतात आणि त्यानुसार पिशवीचे आकारमान बदलते.

प्रकाशयोजना

कोणते इंद्रिय दिसावे, हे प्रकाशयोजनेवर ठरते.

तेजक्षेत्र: प्रकाश खालून सरळ येतो. अन्ननलिकेतील अन्न व डोळ्यांतील रंगद्रव्य स्पष्ट दिसते. हवा आणि ऊती यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्याने हवेने भरलेल्या श्वासनलिका काळ्या दिसतात.

कृष्णक्षेत्र: प्रकाश तिरपा सोडला जातो व केवळ विखुरलेले किरण वस्तुभिंगात शिरतात. त्याच श्वासनलिका आता काळ्या पार्श्वभूमीवर रुपेरी दिसतात.

ध्रुवित प्रकाश: एकमेकांस काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमधून पाहिल्यास रेखित स्नायू उजळ दिसतात, कारण त्यांची रचना द्विअपवर्तनी असते.

अळी स्थिर ठेवणे

अळी खळगा असलेल्या काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवतात. साधी काचपट्टी वापरल्यास आच्छादक काचेच्या चारही कोपऱ्यांखाली मेणाचे वा व्हॅसलिनचे लहान टेकू देतात, म्हणजे काचेचा भार अळीवर पडत नाही. हालचाल मंद करण्यासाठी पाणी थंड करतात, त्यात थोडे सोडावॉटर मिसळतात किंवा मिथाइल सेल्युलोजचे दाट द्रावण वापरतात. दिव्याच्या उष्णतेने पाणी तापू नये म्हणून एलईडी दिवा अथवा क्षणदीप्ती वापरणे श्रेयस्कर ठरते.

स्पष्टतेची खोली

दहापट विशालनाच्या सामान्य वस्तुभिंगाने एका वेळी सुमारे ०.०१ मिलिमीटर जाडीचाच थर स्पष्ट दिसतो. अळीचे शरीर त्याहून कितीतरी जाड असते. म्हणून वेगवेगळ्या खोलीवर अनेक छायाचित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली जातात. या पद्धतीस प्रतिमा-संचयन म्हणता येईल. त्यासाठी अळी पूर्ण स्थिर असावी लागते. धडधडणारे हृदय अशा चित्रात अस्पष्ट किंवा दुहेरी उमटते. हृदयासाठी एकच जलद छायाचित्र किंवा चलचित्रण उपयुक्त ठरते.

मर्यादा

छायाचित्र सुस्पष्ट असले तरी ते नैसर्गिक स्थितीचे असेलच असे नाही. आच्छादक काचेच्या दाबाने आतडे सरकते. थंडीने हृदयाचे ठोके मंदावतात, तर उष्णतेने वाढतात. म्हणून चित्रासोबत प्रजाती, अळीची अवस्था, पाण्याचे तापमान, प्रकाशयोजना व मोजपट्टी यांची नोंद करणे आवश्यक असते. काही रचना अखंड अळीत नीट दिसत नाहीत. कायरोनोमसच्या लाळग्रंथीतील महाकाय गुणसूत्रांचे वर्णन बाल्बियानी यांनी १८८१ मध्ये केले. ती स्पष्ट पाहण्यासाठी आजही ग्रंथी बाहेर काढून रंगवावी लागते.

उपयोग

अळ्यांच्या ओळखीसाठी ही छायाचित्रे उपयोगी पडतात. क्युलेक्स व एडीस डासांच्या अळ्यांना शेपटीकडे श्वसननळी असते, ॲनोफिलीसच्या अळीला ती नसते. कायरोनोमसच्या लाल अळ्यांमध्ये रक्तद्रवात विरघळलेले हिमोग्लोबिन असते. त्यामुळे कमी प्राणवायू असलेल्या गाळातही त्या तग धरतात. शाळा-महाविद्यालयांत कीटकांचे रक्ताभिसरण जिवंत प्राण्यात दाखवण्यासाठीही अशी चित्रे वापरता येतात. निरीक्षणासाठी डासांच्या अळ्या ठेवलेले भांडे जाळीने झाकून ठेवावे लागते आणि काम संपल्यावर अळ्या नष्ट कराव्या लागतात, अन्यथा त्यांचे कोष होऊन काही दिवसांत डास बाहेर पडतात.